परत ठेवलेल्या

त्र्यंबक रोडला, पश्चिमेकडे तोंड असलेलं दुकान.
दुपारचे साडेचार. गिऱ्हाईक मी एकटाच.
शिडीवर प्रज्योत, खाली मी,
आणि काउंटरवर चार बाटल्या,
गेजखाली मांडाव्यात तशा.

एकतीस वर्षं सातपूरला इन्स्पेक्शनला होतो.
माल कसा घ्यायचा ते परचेसवाल्यांना विचारा,
कसा परत करायचा ते मला.

पहिली लाकडी पेटीत. आत गवत, गवतात बाटली,
दुपट्यातल्या बाळासारखी.
अकरा हजार दोनशे.
यात पेटीचे किती? म्हटलं. पोरगा हसला.
सुताराचे पैसे मी सुताराला देईन.
परत.

दुसरीच्या लेबलवर शाईनं बॅच नंबर, कुणाची तरी सही.
नखानं घासून पाहिली.
छापलेली.
अरे, मी दिवसाला दीडशे सह्या केल्यात,
तापात, मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळीसुद्धा,
एकीसारखी दुसरी कधी आली नाही.
परत.

मध्येच एक हिशोब.
बर्बन म्हणजे निम्म्याहून जास्त मका.
आमचा अंदरसूलचा मका यंदा एकवीसशेनं गेला.
म्हणजे त्या पेटीवालीत पाच क्विंटल तेहतीस किलो.
भावाला तिथूनच फोन लावला, सांगितलं.
तो म्हणाला, हमाली धरून का?

तिसरी बारा वर्षांची. हिच्यापाशी थांबलो.
उजेडात धरली. मानेतली पातळी
असायला हवी तिथून सहा मिलिमीटर खाली.
बूच सुकलेलं. लेबलचा लाल रंग विटून गेरू झालेला.
बारा वर्षं पिंपाच्या काळोखात काढली बिचारीनं
आणि तीन उन्हाळे या काचेत.
'परत' म्हणताना आवाज जरा खाली आला.

चौथी.
चौथी मला ओळखते.
चौऱ्याण्णव साली ग्राइंडिंग मशीन बसवायला आलेला
तो उंच अमेरिकन, मिसळीनं रडवलेला,
ट्रायल तीन मायक्रॉनमध्ये बसली तेव्हा
हीच बाटली त्यानं टूलबॅगेतून काढली.
कॅन्टीनचे स्टीलचे पेले. मी, बच्छाव, फोरमन खैरनार.
खैरनार गेले. बच्छावला आता डॉक्टर पिऊ देत नाही.
चव? खरं सांगू, आठवत नाही.
हातांना येणारा कूलंटचा वास आठवतो,
आणि खैरनार त्या रात्री चक्क गायले होते, ते.
सहा हजार नऊशे.
मास्टर पीसच हरवला, तर माल कशाशी ताडून बघायचा?
परत.
बूच मात्र चांगलं होतं हिचं.

पाकिटात सरकारनं दिलेला आजीवन परवाना आहे.
फोटोत माझे केस काळे.
आजीवन म्हणजे किती, ते कुठे लिहिलेलं नाही.
वर्षाला एक बाटली धरली,
लिव्हर धरलं, हेमलताची मर्जी धरली,
तर दहा. फार तर बारा.
बारा जागा, आणि शेल्फ हे एवढं लांब.
म्हणून ही चिकित्सा, प्रज्योत. कंजूषपणा नाही.
थोडा कंजूषपणाही आहे.

शेवटी खालच्या फळीवरची, साधी. पेटी नाही, सही नाही.
अठ्ठावीसशे. हिला कुणी उजेडात धरत नसावं.
मी धरली. पातळी बरोबर.
त्यानं ती कालच्या पेपरात गुंडाळली,
कांद्याच्या भावांचं पान बाहेर ठेवून.

स्कूटरला चावी लावली आणि काचेतून दिसलं,
पोरानं बारा वर्षांची पुन्हा तिच्याच जागी ठेवली,
उन्हात.
स्टँड लावला. आत गेलो.
काका, विचार बदलला?
नाही रे. ती तेवढी आतल्या फळीवर ठेव.
घेणार आहात मग?
नाही घेणार.
आडवी नको. उभीच राहू दे.
सावलीत.