एकास बारा

नव्वद सेंटिमीटर चढायचे, तर उतार हवा
दहा मीटर ऐंशी.
नियम एवढाच. एकास बारा.
मी टेप लावला : दोन मीटर पंचेचाळीस.
पायऱ्यांवर वेल्ड केलेल्या दोन लोखंडी पन्हळी,
एकीत डाळिंबाची सालं.
म्हणजे एकास पावणेतीन.
यावरून खुर्ची उतरत नाही,
सुटते.

फॉर्मवर दोनच चौकटी होत्या.
उतार : आहे, नाही.
मी 'आहे'वर टिक केली
आणि लिफ्टकडे वळलो.

तिबिलिसीच्या ग्लदानी भागात लिफ्टला नाणं लागतं,
वीस तेत्री,
आणि नाण्याची फट बसलेल्या माणसाच्या
डोक्यावर हातभर.
सातव्या मजल्यावरच्या एतेरी ख्वेदेलिद्झेंनी
लाकडी पळीला खाच पाडून घेतली आहे.
खाचेत नाणं, पळी वर,
गेलं तर गेलं, पडलं तर पडलं.
"पहिल्या वर्षी अकरा लारी पडले," त्या म्हणाल्या,
"खालच्या पोरांनी आईस्क्रीम खाल्लं."

चहा टाकला होता.
"बत्तीस वर्षं मी रस्त्यांचे उतार काढले, साहेब.
ट्रक उलटू नये म्हणून.
तुमचा टेप मधे सैल पडला होता,
मी खिडकीतून बघत होते.
खरा आकडा याहून वाईट आहे."

मग वीज गेली.

लिफ्ट बंद, आणि मला आठवलं ते
यादीतलं कलम सोळा :
आणीबाणीत जिन्याने उतरवायची खुर्ची.
"आहे ना," एतेरी अंधारात म्हणाल्या,
"तळघरात, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
किल्ली बेसिककडे.
बेसिक कुताईसीला, नातू बघायला."

पायरी ओळखून राहावं, म्हणतात.
या ओळखून आहेत :
शहाण्णव आत, सहा दारात.

त्यांनी चमचा घेतला
आणि हीटिंगच्या पाइपवर वाजवला.
तीन ठोके. थांबून एक.
नव्वदच्या दशकात तो पाइप थंड पडला,
तेव्हापासून त्यातून ऊब येत नाही,
निरोप जातो.

पाचव्या मजल्यावरचा माल्खाझ जन्मापासून बहिरा.
तो पाठ पाइपला टेकवून बूट शिवतो.
आला तो टॉर्च घेऊन, धापा टाकत,
एका हातात अजून सुई.
प्रकाश त्याने आधी स्वतःच्या हातांवर पाडला,
मग एतेरींच्या,
आणि भिंतभर बोटांच्या सावल्या
एकमेकींना विचारू लागल्या.
आग? नाही.
पडलीस? नाही.
हा कोण?
एतेरींनी हवेत एक चौकट काढली,
तिच्यात एक टिक.
माल्खाझ इतका हसला
की टॉर्च हलला.

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक,
मला त्याने स्टुलावरून उठवलं, पाठीशी वाकला,
एतेरींना कसं उचलायचं ते माझ्यावर करून दाखवलं.
मी ब्याऐंशी किलोंचा.
जिन्याच्या तोंडापर्यंत नेलं आणि ठेवलं.
खाली अंधार होता, बटाटे तळल्याचा वास,
आणि धरायला फक्त एका परक्या माणसाची मान.
मी ती घट्ट धरली होती.
कठडा त्या मजल्यावर नव्हताच.
कठड्यासमोर मी काय लिहिलं होतं,
ते मला आठवेना.

"हे लिहू नका," एतेरी म्हणाल्या.
"पाइप, माल्खाझ, काहीच नको.
लिहाल, तर वरचे म्हणतील, सोय आहे.
त्याचा गुडघा एकदा सुजला होता, मार्चमध्ये.
नऊ दिवस मी गॅस पेटवला नाही.
थंड खाल्लं."

वीज आली तेव्हा चहा गार झाला होता. प्यायलो.
लिफ्ट घेतली नाही.
शहाण्णव. मग सहा.
दारातल्या बल्बखाली फॉर्म गुडघ्यावर ठेवला.
टिक शाईची होती, खोडता येईना.
म्हणून तिच्यावरच लिहिलं, एकास पावणेतीन,
आणि कंसात : किंवा वाईट.
इतकं दाबून लिहिलं,
की खालच्या कोऱ्या फॉर्मांवर,
उद्याच्या इमारतींवर,
ते उमटलं.