वाटेत कुणाला भेटलास

सोमवारी पहाटे शिशाच्या डब्यातून गाय येते.
आम्ही तिला गायच म्हणतो.
ज्या देशात माणसांपेक्षा गुरं जास्त
तिथे दुसरं काय म्हणणार?
विल्मार काखेतला थर्मास, येर्बाचा कडू काढा
दाराबाहेर ठेवतो, आत जाऊन तिचं दूध काढतो:
चमचाभर, पाण्यासारखं,
दर सहा तासांनी निम्मं होणारं.

आज पहिला एबेर तेचेरा, वय चौऱ्याहत्तर,
ताकुआरेंबोचा, जन्मभर मेंढ्या कातरलेला.
टेबलावर आडवा होत म्हणाला,
"मेंढीला मी असंच उताणं धरायचो.
हलली नाही तर दोन मिनिटांत सोडायचो."
आम्ही त्याला पंचवीस मिनिटं धरून ठेवलं.

पडद्यावर हाडं उजळली.
आणि ओटीपोटात मूत्राशय:
अख्ख्या गावात एकाच घरी लग्न असावं
तसा झगमगाट.
त्याच्यामागे, माकडहाडापाशी, काही आहे का?
डॉक्टर इरिगोयतिया चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"असेलही.
पण मला 'असेलही' लिहिता येत नाही, नेलिदा."

म्हणून रात्री मी एक माणूस करते.
आकड्यांची हाडं, आकड्यांचं मांस,
मूत्राशय तुडुंब
(त्याला कधी जावं लागत नाही).
त्याच्या माकडहाडात माझ्या हातानं
एक ठिपका ठेवते, नऊ मिलिमीटरचा.
जगात हे एवढंच दुखणं,
ज्याचा पत्ता मला आधीच ठाऊक असतो.

मग फासे. दोनशे कोटी वेळा.
हा किरण कुठून निघेल, किती चालेल,
कशाला धडकेल, वळेल की विरेल,
शिशाच्या पोळ्यातलं एखादं भोक
त्याला आत घेईल का.
बहुतेकांना घेत नाही.
हजारोंतला एखादा पोचतो,
आणि पोचलेल्यांतही थापाडे किती!
मूत्राशयातून निघालेले, वाटेत इलेक्ट्रॉनला धडकून
भलतीकडे वळलेले,
आणि दारात येऊन छातीठोक सांगणारे,
"आम्ही सरळ माकडहाडाकडूनच आलो."

खऱ्या किरणाची उलटतपासणी होत नाही.
तो लखलखतो, संपतो.
माझ्या किरणांच्या मात्र कपाळावर लिहिलेलं असतं.
मी एकेकाला थांबवते.
कुठून आलास?
वाटेत कुणाला भेटलास?
किती वेळा?
ते खरं सांगतात,
खोटं बोलायला मी त्यांना शिकवलंच नाही.

पहिल्या खेपेला झगमगाट पुसला,
त्याबरोबर ठिपकाही गेला.
चौथ्या खेपेला, ज्या माणसात मी काहीच ठेवलं नव्हतं
त्याच्यात एक ठिपका उगवला.
त्या रात्री मी पायी घरी गेले.
रांब्लावर दोन जण गळ टाकून गप्प बसले होते.
समोर नदी, एवढी रुंद
की पलीकडचा काठ
आम्ही शाळेतल्या नकाशावर विसंबून मानतो.

अकराव्या खेपेला जमलं.
ठेवला तिथे दिसला, नाही तिथे नाही.
मग तेचेराचीच जुनी मोजणी पुन्हा लावली.
इरिगोयतियाबाई बराच वेळ बघत राहिल्या
आणि चष्मा खाली ओढून
एका शब्दात लिहिलं, "आहे."

तो आला तेव्हा मी त्याला फाशांचं सांगितलं.
दोनशे कोटी!
तो बोटांवर मोजू लागला: दिवसाला दीडशे मेंढ्या,
रविवारी सुटी नाही...
"बाई, छत्तीस हजार वर्षं लागतील."
हसला. खोकला.
विल्मारनं पुढे केलेला पेला घेतला,
गरम पाण्याचा एक घोट, मग दुसरा.
मग सहज, हवापाणी विचारावं तसं विचारलं,
"पण हे आलं कुठून?"

मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं.
टोपीखालचा पांढरा पट्टा होता तिथे,
उन्हानं न रापलेला.