वासरी

कोर्टनाक्याला दिवसभर मी रोजनामा लिहिते:
वादी हजर. प्रतिवादी गैरहजर.
दावा पुढील तारखेस.

कोपरीचे पोहूमल अंकल रोजनामचो म्हणतात
आणि बिल फाडतात: डायरी, एक नग.
वरच्या मजल्यावरच्या कोमलवल्ली मामींची ती नाट्कुरिप्पु,
चकली मोडावी तसा शब्द.
आत दूध, कापूर,
मुलाचा फोन आला की नाही, एवढंच.

रोजनिशीतली निशी म्हणजे रात्र नव्हे,
फारसीतलं लिहिणं आहे, असं कोशात सापडलं.
असेल.
मला रात्रच ऐकू येते,
भांडी पालथी घातल्यावरची,
उपवनच्या तळ्याकडून डास येतात ती.

आप्पा वासरी म्हणायचे.
मला वाटे, वासराची बहीण असेल,
पलंगाखालच्या ट्रंकेत बांधलेली.
ते गेल्यावर उघडली.
एकोणीस वर्षांचे भाव, पाहुणे, पाऊस इंचांत,
आणि एका पानावर मी:
‘विनूस ताप. रात्रभर जागलो.
औषध रुपये बारा.’

काल मीही वही काढली.
तारीख टाकली, पुढे सवयीनं लिहिलं: हजर.
मग बराच वेळ काहीच नाही.
नुसती ऐकत बसले,
कुणीतरी आतून
दाव्याला ओढ देतंय.