हातांचा रकाना

काचेच्या टेबलावर चार टॅब्लेट,
चारही तारेनं बांधलेले, शेळ्यांसारखे.
शेजारी तक्ता: इंच, ग्रॅम, बॅटरीचे तास, साठवण,
आणि किमती, गिऱ्हाइकाला गोड वाटाव्यात म्हणून
एका आकड्यानं कमी केलेल्या.

एदुविनो आला गुरुवारी.
पुंता अरेनासचा वारा दार उघडू देत नव्हता,
आधी त्याची टोपी आत आली, मग तो.
पूर्वी होड्या बांधायचा,
आता शेजाऱ्यांच्या खुर्च्यांचे पाय बसवतो.
तक्ता त्यानं बोट ठेवून वाचला, ओळ न् ओळ,
आणि विचारलं, "यात हातांचा रकाना कुठंय?"

वजन म्हणताय का, धरायला?
"नाही, पोरी. हात मावायला."

बहीण एर्मिंदा, तिकडे उत्तरेला, अचाओच्या बेटावर.
दुसऱ्या वर्षी तापात कान गेले.
खुणा शिकवणारी शाळा बेटावर नव्हती,
मग या दोघांनी आपली भाषा आपणच केली,
जेवणाच्या टेबलाखाली, बटाटे सोलता सोलता.
"फोनवर ती अर्धंच वाक्य बोलते.
उरलेलं चौकटीबाहेर सांडतं."

मग त्यानं एकेक टॅब्लेट खोक्याला टेकवून उभा केला
आणि तीन पावलं मागं गेला, फळी मापावी तसा.
सगळ्यात स्वस्त: हात हलला की बोटांचं पीठ.
दुसरा आडवा ठेवला तर कॅमेरा बाजूला,
"खोटं बोलणारा माणूस असा बघतो."
सगळ्यात महागात पटाशीची जुनी खूणसुद्धा दिसली, अंगठ्यावरची.
किंमत वाचून त्यानं चष्मा काढला.
"पैसे देताना हात आखडतो मी, लपवत नाही.
बोलताना आखडायचा नाही, म्हणून तर हा हिशेब."

तिसऱ्यात दोन्ही कोपर मावले.
मी पावतीपुस्तक उघडलं.
तेवढ्यात त्यानं उजव्या कानापाशी तळवा धरला
आणि पडद्यावर बघून खुर्चीत बसलाच.
"हा मला उलटं बोलायला लावतोय.
उजवा कान म्हणजे पूर्वेचा वारा, डावा म्हणजे पश्चिमेचा.
मी एक सांगणार, ती दुसरंच समजणार,
आणि तिचा पोरगा होडी बाहेर काढणार."

म्हटलं, तो आरसा फक्त तुमच्यासाठी,
तिला तुम्ही सरळ दिसता.
"तू म्हणतेस म्हणून?"

मालक जेवायला गेले होते.
मी चौथ्याची तार सोडली,
तो घेऊन धुलाईयंत्रांच्या मागे गेले
आणि तिथून त्याला फोन लावला.
माझ्या पडद्यावर एदुविनो:
पाठीमागे प्रेशर कुकरांची रांग,
कानाशी तळवा, पुतळ्यासारखा स्थिर.
त्याचा उजवा कान कुठला, हे मी दोनदा मोजलं.
मग माझा उजवा हात माझ्या उजव्या कानाशी नेला.

तो बराच वेळ बघत राहिला.
नंतर करंगळीनं नाकाचा शेंडा दोनदा घासला.
मीही घासला.
तेव्हा तो हसला, कवळी दिसेपर्यंत.

"भूक लागली," त्यानं पैसे मोजताना सांगितलं,
"आई टेबलाशी बोलू द्यायची नाही ना."
तीन हप्ते ठरले, पहिला सुट्ट्या नोटांत.
खोकं नको म्हणाला,
पेटी तो सायप्रसची करणार होता, कलत्या पाठीची,
तिच्या चुलीशेजारच्या फळीवर बसेल अशी.
माप तोंडपाठ होतं.

ती भाषा येणारी जगात दोन माणसं.
मला त्यातले दोन शब्द येतात,
पूर्वेचा वारा आणि भूक.
पश्चिमेचाही येतो म्हणा, दुसऱ्या कानाशी,
पण तो इथे रोजचाच,
त्याच्यासाठी कोण हात उचलणार.