तीन दिवस पाणी

एप्रिल संपता संपता शेडचं दार ढकललं
की आधी वास येतो:
जवसाचं तेल, डांबर, गेल्या सालचं डिझेल
आणि कुठल्याशा उंदराचा मोडलेला संसार.

राग्ना आडवी पडलेली,
ताडपत्री कानापर्यंत ओढून, बाळंतिणीसारखी.
हिवाळाभर सुकून तिच्या फळ्या सुटल्यात एकमेकींपासून.
फटींतून ऊन आत उतरतं,
पोटात पट्टे पडतात.

मी गुडघ्यांवर. माझं वय एकसष्ट, गुडघ्यांचं ऐंशी.
खरवड, घास, पूस, पुन्हा घास,
जोडाजोडाला शेंदूर फास.
तांब्याचे खिळे चाचपत जायचे एकेक,
जिभेने हलता दात शोधावा तसे.
उजवीकडची सातवी फळी आली की हात थांबतो.
तिथे हातभर तुकडा आहे वेगळ्या लाकडाचा,
आईचा भाकरी लाटायचा पाट.
सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात वडिलांनी बोट खडकावर घातली
आणि घरात दुसरं कोरडं लाकूड नव्हतं.
आई आठवडाभर बोलली नाही.
नवा पाट आला, पण त्याला भाकरी चिकटायची.

इंजिनाच्या झाकणाखाली वही, तेलकट.
वारा नैऋत्य. डिझेल दोन लिटर. पंपाचं वॉशर बदललं.
आई गेली त्या तारखेलाही पान आहे:
वारा नाही. इंजिन चालू केलं. बंद केलं.

शेजारचा आयलिफ, पांढऱ्या प्लास्टिकच्या बोटीचा मालक,
दरवर्षी दारात उभा राहून म्हणतो,
गुन्वोर, एवढ्या कष्टांत तीन नव्या येतील.
येतील.

सतरा मेच्या आत ती पाण्यात हवी, हा घरचा कायदा.
क्रेनचे पट्टे सुटले
आणि फियोर्ड चहूकडून आत आला,
न विचारता, पाहुण्यासारखा.
नवख्याला वाटतं, बुडाली.
थोडी बुडू द्यावीच लागते.
तीन दिवस तिला पाणी पाजायचं
आणि तिनं आपल्याला.

बादली भर, बादली ओत.
रात्र इथे काळी होतच नाही या दिवसांत,
नुसती निळसर पडून राहते धक्क्यावर.
खाली लाकूड पितं, कुरकुरतं,
फळी फळीकडे केसभर सरकते,
बाकावर कुणी उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तशी.

दुसऱ्या रात्री आयलिफ आला.
हातात त्याची बादली, लाल, प्लास्टिकची.
बोलला नाही. मीही नाही.
दोनच्या सुमाराला त्याने विचारलं,
ही कुठून येते आहे एवढी धार?
मी म्हटलं, स्वयंपाकघरातून.

चौथ्या सकाळी तळ नुसता ओलसर.
हँडल दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा मनगट दुखावून
एकुलता सिलिंडर बोलला,
डुग्. मग बराच विचार करून, डुग्.

बंदराबाहेर पडण्याआधी वही उघडली,
वडिलांच्या शेवटच्या पानानंतर बारावं पान माझं:
वारा पश्चिम, हलका.
बादल्या तीनशे चाळीस, त्यांतल्या शंभर आयलिफच्या.
सातवी फळी सगळ्यात शेवटी मिटली.