वर फक्त गच्ची

द्वारकाआत्या अकोल्याहून माहीमला आली तेव्हा हसली होती.
अडतीस? याला ऊन म्हणता?
अडतीसला आम्ही स्वेटर धुऊन ठेवतो.

तिसऱ्या दिवशी मोरीच्या उंबऱ्यावर
पाय बादलीत सोडून बसली.
आमच्याकडचं ऊन मारते माय,
पण मारून मोकळं होते.
हे तुमचं झाकण ठेवून शिजवते.

पाणी सकाळीच भरायचं,
अकरानंतर नळाला चहाचं आधण येतं.
खिडकीला ओली चादर लावली,
ती वाळेना, आम्हीही वाळेनात.
गच्चीला चुना फासू का विचारलं
तर सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ.
मीटिंग जुलैत.

मग आत्या घरभर अनवाणी फिरली
टाचेने एकेक लादी चाखत.
नऊपर्यंत ओट्याखाली,
बारानंतर कपाटामागे,
तिथली लादी अजून कुणाला सापडली नव्हती,
मांजर सोडून.
आम्ही तिघी तासातासाने बिऱ्हाड हलवत राहिलो,
उशी काखेत, तांब्या हातात.

अडीचला पश्चिमेची खिडकी
एकदाच वाजली.
आत्याने हात वर केला. थांबा.
खारट, सुकटीच्या वासाचा,
जरासा.
रोज एवढा उशीर करते हा?
पूर्वी अकराला यायचा, मी म्हटलं,
आणि उगीचच त्याची बाजू घेतली,
घरातल्या माणसाची घ्यावी तशी:
वाटेत टॉवर किती झालेत, आत्या.

तिने पदर पसरला,
भाजी घ्यावी तसा तो तोलून पाहिला.
बरा आहे, म्हणाली.
पण ओला दिला.