काना

नववी ब. बेचाळीस वह्या.
विषय मीच फळ्यावर लिहिला होता: वस्तूचे आत्मवृत्त.
स्टाफरूमचा पंखा पानं पुढे उलटतो,
मी ती परत मागे आणते.

मुलांच्या वह्यांत बहुतेक क्रिकेटची बॅट बोलतेय.
दुसऱ्या परिच्छेदात बॅट विसरते ती कोण आहे ते,
आणि लिहून जाते, 'मी मैदानात उतरलो.'
मी हसते. अर्धा गुण कापते.

मुलींच्या वह्यांत समया.
अकरा समया, सगळ्या जळतायत, तक्रार एकीचीही नाही,
शेवटची ओळ ठरलेली: यातच माझे सार्थक.
खाली माझं अक्षर: सुंदर! दहापैकी आठ.

रेवणसिद्ध हत्तुरेनं मागच्या वेळी चादर लिहिली होती.
'तापलेल्या पोरावर मी रात्रभर पसरून राहिले,
सकाळी मला उन्हात टाकलं.'
मी कौतुकानं त्यालाच वाचायला उभं केलं.
'राहिले'पाशी मागचे बाक फुटले.
अजून त्याला चादर म्हणतात, मधल्या सुट्टीत, नळावर.
या वेळी त्याचा ट्रॅक्टर बोलतोय. आठ ओळी.
ट्रॅक्टरला काही दुखत नाही.

आणि उमाराणी कुडक्याल.
'मी माग बोलतोय' असं सुरू करून
पुढे मागाला विसरूनच गेलेली:
'रात्रपाळी सुटल्यावर मी साखर पेठेतून एकटा चालत गेलो.
कन्ना चौकात चहा प्यालो.
कुणी वळून बघितलं नाही.'

समासात मी लिहिलं, माग चालतो, पण घरी जात नाही.
मग लाल रिफिलनं 'गेलो'चा काना खोडला.
'प्यालो'चा खोडला.
'एकटा'चा काढून वेलांटी दिली.
केवढीशी ती उभी रेघ.
आता वाक्य झालं,
रात्री साखर पेठेतून मी एकटी चालत गेले,
आणि माझ्याच पोटात गोळा आला.

ती वही घेऊन दारात उभी.
'बाई, आमच्या घरी अप्पा पण म्हणतो, नेनु पोयिना,
अम्मा पण म्हणते, नेनु पोयिना.
दोघं जातात.
मराठीतच, कोण गेलं ते आधी सांगावं लागतं.'
मी म्हटलं, व्याकरण आहे ते.
'हो बाई.'

दहावीला मला प्रश्न आला होता, मी मुख्यमंत्री झालो तर.
पहिल्याच ओळीत मी 'झालो'चं 'झाले' केलं
आणि पुढची दोन पानं
पाळणाघरं, शिवणयंत्रं,
पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी.
धरण सुचलंच नाही. फौज सुचली नाही.
सरांचा शेरा एका शब्दाचा: सोज्वळ.
वडिलांनी तो पाहुण्यांना दाखवला.

सोमवारी उमाराणीनं निबंध परत लिहून आणला.
वर माग नाही, समई नाही, कुणाचं नाव नाही.
'मी रात्रपाळी संपवली. मी रस्ता धरला.
मी चौकातले दिवे मोजले.
मी चहा घेतला, पैसे दिले.
मी उशिरा दार उघडलं.'

दोनदा वाचलं. तीनदा.
एकाही क्रियापदाला हात लावायला जागा नाही,
ती सगळी रस्त्याशी, दिव्यांशी, चहाशी जुळलेली.
कोण गेलं, कळत नाही.
टोपण काढलेलं पेन माझ्या हातात,
आणि बाहेर तास झाल्याची घंटा.